मुक्या हृदयाची गोष्ट

निर्दय माणसाला आपण हृदयशून्य म्हणतो. पण हृदय असूनही ते मुकेच राहिले, तर त्याला काय म्हणावे? मराठीच्या मास्तराला हा प्रश्न पडावा तो एका मेक्सिकन प्राण्यामुळे, ही मोठी गंमत आहे!

ॲक्सोलॉटल हा मूळचा मेक्सिको शहराजवळच्या सोचीमिल्को सरोवरातला सॅलॅमँडर. बेडकाच्या गोतातला, पण शेपूट न टाकणारा आणि जन्मभर पाण्यात राहणारा. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात हम्फ्री नावाच्या संशोधकाने त्यांची पैदास चालवली होती. १९६८ साली त्यांनी एक चमत्कारिक जनुकदोष जाहीर केला. आईबाप दोघेही धडधाकट. पण दोघांकडेही त्या जनुकाची एकेक सदोष प्रत असली, तर सरासरी चार पिलांत एकाच्या वाट्याला दोन्ही प्रती सदोष येतात. त्या पिलाचे हृदय घडते, पण धडधडत नाही. पेशींतले आकुंचन पावणारे तंतू नीट रचलेच जात नाहीत. असे पिलू काही दिवस पोहतेसुद्धा. पण जगत नाही.

दोष हृदयाचा, असेच कुणीही म्हणेल. हम्फ्रींनी मात्र अदलाबदल करून पाहिली. सदोष भ्रूणातला हृदयाचा अंकुर निरोगी भ्रूणात बसवला आणि, वाचकहो, तो धडधडू लागला! उलट निरोगी अंकुर सदोष भ्रूणात गप्पच राहिला. म्हणजे उणीव हृदयात नव्हती, शेजारात होती. १९७९ साली लेमान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शेजारीही दाखवून दिला. भ्रूणाच्या ज्या आतल्या थरातून पुढे अन्नमार्गाचे अस्तर बनते, त्या थराचा पुढचा भाग हृदयाला 'आता सुरू हो' असा जणू निरोप धाडतो. निरोगी भ्रूणातला हा तुकडा मुक्या हृदयाशेजारी ठेवताच तंतू जुळले, ठोके सुरू झाले.

सॅलॅमँडरवरून माणसाचे निदान करू नये, हे मला कळते. अंगचे गुणदोष खोटे असतात, असेही मी म्हणत नाही. त्या पिलाचा दोष जन्माचाच होता. पण तो कुठे आहे, हे मात्र बाहेरून पाहून कळले नाही.

या दिवाळीत फराळाला चार मंडळी जमतील, कुणाच्या तरी चिरंजीवांच्या गुणांचा विषय निघेल आणि कुणीतरी चकली मोडता मोडता म्हणेल, "त्याच्या रक्तातच नाही हो!" तेव्हा एवढेच विचारावे: पोर मुके आहे खरे, पण त्याच्या शेजारी बसून त्याला निरोप कुणी दिला आहे का?