तलाव कुणाचे?

गोंदिया जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात बोअरवेल कोरड्या पडतात. पाऊस अडवून ठेवणारे तलाव आजही गावोगावी आहेत, पण त्यांच्यात गाळ साचला आहे.

हे मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडचे ‘मामा तलाव’, बांधले ते प्रामुख्याने कोहळी समाजाच्या जाणकारांनी. उताराचा अचूक अंदाज, मातीची भक्कम पाळ, जादा पाण्यासाठी सांडवा आणि खाली धानाची बांधी. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. ढिवर समाजाची मासेमारी याच पाण्यावर चाले, आणि महाराष्ट्रात दुर्मीळ झालेला सारस आजही या जिल्ह्यातल्या तलावांच्या नि धानशेतीच्या आधाराने टिकून आहे.

1951 मध्ये मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली, तलाव सरकारकडे गेले. देखभालीची गावकी मोडली आणि पाण्यात बेशरम ही तणवनस्पती माजली.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात मात्र वेगळे घडले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने ढिवर स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणले. नुसते खोदकाम करून तलाव जिवंत होत नाही, त्याच्या पोटातली वनस्पतीही जपावी लागते, हे त्यांचे शहाणपण सरकारी गाळमुक्तीच्या योजनांनी आधी शिकायला हवे.

येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या तलावाचा विषय मांडा. पाळ, सांडवा आणि अतिक्रमण यांची नोंद मागा, आणि त्या चर्चेला ढिवर कुटुंबांना आवर्जून बोलवा.