यंत्राला मराठीत 'दार उघड' म्हणताना

दिवाळीच्या सुट्टीआधी वसतिगृहात आम्ही तिघांनी एक जुना खेळ संगणकावर लावला. चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. आपण कुठे उभे आहोत ते यंत्र लिहून सांगते. पुढे काय करायचे ते आपण लिहायचे. विल क्राउदर या गुहावेड्या अमेरिकन प्रोग्रामरने केंटकीतील मॅमथ गुहेवरून १९७५-७६ च्या सुमारास रचलेला आणि डॉन वुड्सने १९७७ मध्ये वाढवलेला हा खेळ, 'ॲडव्हेंचर'.

आमचा माणदेशी मित्र सरळ, शुद्ध इंग्रजी वाक्ये लिहीत होता. यंत्र दर वेळी 'कळले नाही' अशा अर्थाचे काहीतरी सांगे. शेवटी "आपलं इंग्रजीच कच्चं, गड्या" म्हणून तो उठून गेला. खरे पाहता त्याचे काही चुकले नव्हते. या खेळाला दोन शब्दांपलीकडची आज्ञा पेलत नाही आणि प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच तो वाचतो. कच्चे होते ते यंत्र. कमीपणा मात्र माणसाने घेतला.

असे खेळ म्हणजे नुसती कोडी, असे आमचे काही प्राध्यापक म्हणतात. मला ते पटत नाही. याच खेळात एक अजगरासारखा ड्रॅगन वाट अडवून बसतो. त्याला मार म्हटले की यंत्र थट्टेने विचारते, नुसत्या हातांनी का? बहुतेक जण मुकाट्याने दुसरी वाट शोधतात. पण ज्याने 'हो' लिहिले त्याच्या हातून ड्रॅगन खरोखर मरतो! खेळणारा काय बोलेल याचा लिहिणाऱ्याने आधीच विचार करून ठेवला होता. तमाशातला सोंगाड्या हेच करतो. प्रेक्षकांतून आलेला वेडावाकडा शेरा तो उचलतो आणि त्यावरच हशा वसूल करतो. 'कळले नाही' म्हणाला तर त्याचा फड बसलाच समजा. पठ्ठे बापूरावांच्या रेठरे हरणाक्षाच्या मुलखात हे आम्हाला परक्याने शिकवायला नको.

म्हणून आम्ही असा खेळ मराठीत, अजिंक्यताऱ्यावर रचायला घेतला आहे. अडचणी लगेच समोर आल्या. 'दिवा घे' मधला दिवा 'दिव्यात तेल घाल' म्हणताच रूप पालटतो. इंग्रजी यंत्राला खेळणारा मुलगा की मुलगी हे विचारावे लागत नाही; आमच्या यंत्राला 'उतरलास' म्हणावे की 'उतरलीस' ते ठरवावे लागते. 'तुम्ही उतरलात' म्हटले की सुटका होते, पण मग यंत्र आपल्याला अहोजाहो करणार आणि आपण त्याला 'दार उघड' असे एकेरीत फर्मावणार. मला तरी हे चालेल.

शब्दांची यादी करायला त्या मित्राला मुद्दाम बोलावले. आधी तो नको म्हणाला. मग वही ओढून त्याने 'पेटव'च्या शेजारी 'पेटीव' लिहिले, 'घे'च्या शेजारी 'घ्ये', आणि विचारले, "आनखी किती चालतील?"