देगीखालचे लाकूड आणि कूपातल्या फांद्या

गेल्या हिवाळ्यात आलापल्लीला खालाच्या घरी वलीम्यासाठी गेले होते. अंगणात देगी मांडलेल्या, पण दोन भट्ट्या काही धड पेटेनात. बावर्चीचे डोळे धुराने लाल झालेले. खाला म्हणाली, "बेटा, लाकूड ओलं आलंय. निम्मं तर पाणीच जाळतोय आपण."

खाला बोलली ते अगदी खरे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते वाफ होऊन जाईपर्यंत आगीची बरीच ताकद त्यातच खर्ची पडते. एक उन्हाळा वाळलेले लाकूड किलोमागे दीड पटीहून जास्त आच देते.

आलापल्ली सागवानासाठी प्रसिद्ध. कूपात झाड पडले की सरळ बुंधा इमारती लाकूड म्हणून डेपोत जातो, जाड फांद्यांचे जळाऊ बीट रचले जातात. उरतात डहाळ्या, वाकडी टोके, साल, ढलप्या. आता सगळीकडे विचारले जाते की या उरलेल्या मालापासून वीज का करू नये? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांना कोळशात साधारण ५ टक्के जैविक गोळ्या मिसळायला सांगितले. त्यात मुख्य भर शेतातल्या काडीकचऱ्यावर आहे. चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे केंद्र इथून शंभर किलोमीटरहून थोडे जास्त.

अडचण अंतरापेक्षा पोकळीची आहे. फांद्यांनी ट्रक काठोकाठ भरतो, पण वजन भरत नाही. डिझेल हवा वाहून नेण्यात जाते. त्यात माल ओला असेल तर पाण्याचेही भाडे भरा. फिनलंडमध्ये म्हणून फांद्या रस्त्याकडेला ढीग करून, वरून झाकून महिनोन्‌महिने वाळवतात आणि तिथेच यंत्राने ढलप्या करून मग भरतात. शिवाय सुमारे ३० टक्के माल जंगलातच सोडावा, असा तिथला सल्ला आहे. पाने आणि बारीक काड्या हेच जमिनीचे खत. आपल्याकडे हे काम पावसाळ्याआधी उरकावे लागेल, आणि उन्हाळ्यात वाळलेला ढीग म्हणजे वणव्याला आमंत्रण. म्हणजे राखणदारही आला.

पण मला खरी काळजी वाटते ती मोळीची. या दोन जिल्ह्यांत कित्येक घरांची चूल डोक्यावरून आणलेल्या सरपणावर पेटते. गॅसची टाकी असते, भरायला पैसे नसतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. गावाजवळच्या कूपातला पालापाचोळा ट्रकात गेला, तर सरपणासाठी बाईला आणखी आत जावे लागेल. विजेच्या हिशोबात हा खर्च कोण मांडतो?

कायदाही पाहायला हवा. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या यादीत बांबू आणि वेतासोबत झुडपी लाकूड आणि खुंटही आहेत. सुरुवातीच्या नियमांत हा माल फक्त डोक्यावर, सायकलवर किंवा हातगाडीवर नेता येई. २०१२ च्या दुरुस्तीने वाहनाची वाट मोकळी झाली. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने बांबूबाबत काय करता येते ते दाखवलेच आहे. तेव्हा तोडीतल्या फांद्यांपैकी वनविभागाचे किती आणि ग्रामसभेचे किती, हे ट्रक यायच्या आधी कागदावर ठरावे. माझ्या मते आधी गावाचे सरपण, मग जवळपासच्या भट्ट्या, आणि त्यातूनही उरले तर चंद्रपूर.

खालाने त्या दिवशी बावर्चीला लाकूड पारखायची युक्ती सांगितली, ती तुम्हालाही सांगते. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. वाळलेले असले तर खणखणीत आवाज येतो, ओले असले तर बद्द वाजते. टोकाला भेगा पडलेल्या हव्यात, साल सहज सुटायला हवी. शेवटी शेजाऱ्याकडून दोन गाड्या जुने बीट आणले, तेव्हा कुठे पाहुण्यांची पाने वाढली गेली. ओले लाकूड खालाने भिंतीला उभे रचून ठेवले आहे, धाकट्या मुलाच्या लग्नासाठी.