३१ मार्चचा हिशेब

३१ मार्च म्हटलं की घरोघरी एकच धांदल. बिलं, पावत्या, टॅक्स, बँकेतली रांग! पण मैत्रिणींनो, दिनविशेषात या तारखेला दोघीजणी भेटतात. १८६५ मध्ये याच दिवशी आनंदीबाई जोशी जन्मल्या. पोटचं बाळ दहाव्या दिवशी उपचारांअभावी गेलं, तेव्हा त्या जेमतेम १४ वर्षांच्या. मग डॉक्टर व्हायचंच, असं ठरवून त्या अमेरिकेला गेल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पदवी घेतली. पण वर्ष उलटायच्या आत, बाविशीही न गाठता, क्षयाने गेल्या. दुसरी मीनाकुमारी. 'पाकिजा' पडद्यावर येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच १९७२ च्या ३१ मार्चला यकृताच्या आजाराने ती गेली. वय अवघं ३८.

एकीची जयंती, दुसरीची पुण्यतिथी. नावं अजून ओठांवर आहेत, आयुष्यं मात्र अर्ध्यावरच राहिली. आपण तरी वेगळं काय करतो? घरातल्या सगळ्यांची औषधं वेळेवर देतो आणि स्वतःचं दुखणं अंगावर काढतो. 'बघू नंतर' म्हणत तपासणी पुढे ढकलतो. पैशांचा हिशेब आज पुरा कराच. पण त्याच वहीत स्वतःच्या तपासणीची तारीखही लिहा. ही बाकी पुढच्या वर्षात ओढायची नाही!