पिकअप : पोटासाठी की हप्त्यासाठी?

शेतमालाच्या भावावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. कांदा उतरला की शेतकरी बोलतो, टोमॅटो चढला की शहर बोलते. परंतु तो माल बांधावरून बाजारापर्यंत ज्या गाडीतून जातो, त्या गाडीच्या किमतीविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. वार्षिक अंकात कविता, कथा, सहलीची वर्णने येतीलच; म्हणून हा रूक्ष विषय मी मुद्दाम निवडला आहे. विषय रूक्ष असेल, पण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी तो रोज रात्री जेवणाच्या ताटाशी येऊन बसतो.

आमचा तालुका जुन्नर. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार सर्वांना ठाऊक आहे. हंगामात तेथे पिकअपची जी रांग लागते, ती पाहून बाहेरच्या माणसाला वाटेल की या भागात लक्ष्मी पाणी भरते आहे. घरटी गाडी, पुढे लिंबू-मिरची, मागे ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. वस्तुस्थिती तशी आहे काय? त्या गाडीचा खरा मालक कोण? आशीर्वाद आई-वडिलांचा असतो, गाडी मात्र हप्ते संपेपर्यंत फायनान्सवाल्याची असते.

थोडे मागे जाऊन पाहू. २००५ साली टाटांची ‘एस’ ही छोटी गाडी बाजारात आली. आपण तिला ‘छोटा हत्ती’ म्हणतो. किंमत सुमारे सव्वादोन लाख, भार पाऊण टन. ज्याच्याकडे ट्रक घेण्याची ऐपत नव्हती, अशा माणसाला प्रथमच चार चाकांचा धंदा करता आला. पुढे दीड टनापर्यंत माल नेणाऱ्या पिकअप गावोगावी आल्या. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला. आता शेतकऱ्याने आपला माल वाटेल तेथे विकावा, असे सांगण्यात आले. पण वाटेल तेथे विकायला वाटेल तेथे न्यावा लागतो! कायद्याने दार उघडले. त्या दारातून बाहेर पडायला चाके लागतात, आणि ती ज्याची त्याने आणायची.

कोणी म्हणेल, गाड्या काही फार महागलेल्या नाहीत. २०२५ साली त्याच कंपनीची पाऊण टनाची ‘एस प्रो’ ३ लाख ९९ हजारांपासून मिळू लागली. वीस वर्षांत पावणेदोन पट, म्हणजे इतर महागाईच्या मानाने कमीच. हा मुद्दा खरा आहे. परंतु पाऊण टनाच्या गाडीने गावातल्या गावात किंवा तालुक्याच्या बाजारापर्यंत धंदा होतो. माळशेज घाट उतरून वाशीच्या बाजारात माल न्यायचा तर तेवढ्या भारात खेप परवडत नाही. तेथे दीड टनाची गाडी लागते, आणि ती रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या घरात जाते. स्वस्त गाडी आहे, पण ती ज्या कामाला हवी त्या कामाची नाही. आपली अडचण ही अशी आहे.

किंमत वाढण्याची कारणे अनेक आहेत आणि सगळीच वाईट नाहीत. १ एप्रिल २०२० पासून देशात ‘बी. एस. सहा’ प्रदूषणमानके लागू झाली. चारवरून पाच वगळून थेट सहावर उडी मारली गेली. डिझेलच्या इंजिनाला काजळी अडवणारे गाळणे आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा जोडावी लागली, साहजिकच किंमत वाढली. शहरातल्या लेकरांनी स्वच्छ हवा घ्यावी याला कोण नाही म्हणेल? पण त्या स्वच्छ हवेचे बिल घाटात रात्र काढणाऱ्या माणसाच्या नावावर फाडले गेले, एवढे तरी आपण ध्यानात ठेवावे.

आता कराकडे पाहू. मालवाहू गाडीवर जुलै २०१७ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. नऊ लाखांच्या गाडीमागे साधारण सत्तर हजारांचा दिलासा मिळाला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र त्याच दिवसापासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे टोमॅटोची सरी ज्या यंत्राने पडते त्याला पाच टक्के, आणि तोच टोमॅटो ज्या यंत्राने बाजार गाठतो त्याला अठरा! माल बाजारात गेल्याशिवाय शेती पुरी होते काय? शिवाय मोठा व्यापारी असे कर आपल्या हिशेबात वळते करून घेऊ शकतो. एका गाडीवर भाडे मारणाऱ्याची सेवाच करमुक्त असल्याने त्याला ती सोय नाही. त्याने भरलेला कर त्याच्याच अंगावर राहतो.

विम्याचेही तसेच. २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे, बंगल्यापुढे उभ्या राहणाऱ्या हजार ते दीड हजार सी. सी.च्या खाजगी मोटारीला त्रयस्थ पक्षाच्या विम्यासाठी वर्षाला ३,४१६ रुपये, आणि पिकअपला १६,०४९ रुपये. मालवाहू गाडी जास्त फिरते, तिचे अपघात जास्त होतात, हे कारण समजते. पण ती जास्त का फिरते, याचे उत्तर पुढच्या हिशेबात आहे.

एकदा एखादा कर बसला की तो सहजासहजी उठत नाही, याचा एक मजेदार दाखला अमेरिकेतला आहे. पिकअप हे तेथील शेतकऱ्याचे आणि सुताराचे वाहन. १९६२ च्या सुमारास फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी अमेरिकेच्या कोंबड्यांवर जबर जकात बसवली. अमेरिकेने डिसेंबर १९६३ मध्ये त्याचा वचपा काढला, तो परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवून. कोंबड्यांचे भांडण कधीच विसरले गेले, पण ट्रकवरची ती जकात साठ वर्षे उलटली तरी टिकून राहिली. बाहेरची स्वस्त गाडी येईना. मग तेथील कंपन्यांनी पिकअपलाच मऊ आसने आणि चकचकीत अंगे देऊन शौकिनांची गाडी केली. आज सुताराला शौकिनाच्या भावाने गाडी घ्यावी लागते. आपल्याकडे पिकअपला अजून शौकिनांची दृष्ट लागलेली नाही. आपल्याकडे ती महाग पडते ती भाड्याच्या मानाने.

तो हिशेब मी केला आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे घरातील सर्वांचे कागद वाचणे हे काम आपोआप माझ्याकडे आले. माझ्या चुलतभावाने, दादाने, २०२३ च्या ऑगस्टमध्ये पिकअप घेतली. त्या जुलैमध्ये नारायणगावला टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला होता. सगळीकडे गाड्यांची नोंदणी चालू होती. पुढे काही आठवड्यांत भाव कोसळला, हप्ता मात्र कोसळला नाही.

गाडी रस्त्यावर आली दहा लाखांना. दोन गाई आणि काकूंच्या पाटल्या मिळून दोन लाख उभे केले. आठ लाखांचे कर्ज, बारा टक्के व्याज, पाच वर्षे. हप्ता महिना १७,७९६ रुपये. साठ हप्त्यांत आठ लाखांचे १० लाख ६७ हजार होतात. आता वाशीची एक खेप घ्या. भाडे पाच हजार. जाता-येता सव्वातीनशे किलोमीटरच्या वर, लिटरला नव्वदच्या आसपास डिझेल, म्हणजे २,६०० रुपये. टोल, बाजारातली पावती, चहापाणी मिळून ४००. हातात उरले दोन हजार. चांगल्या महिन्यात पंधरा खेपा झाल्या तर तीस हजार. हप्ता जाऊन राहिले १२,२०४. विमा व पासिंग यांसाठी महिन्याचे ३,५०० आणि टायर, ऑईल, दुरुस्तीचे ४,००० बाजूला काढले, तर शिल्लक ४,७०४ रुपये. पंधरा रात्री जागून! रात्रीला ३१३ रुपये पडले. आमच्याच शेतात टोमॅटो तोडायला येणाऱ्या बाईला दिवसाचे चारशे मिळतात, आणि ती संध्याकाळी घरी झोपते.

हा चांगल्या महिन्याचा हिशेब आहे. उन्हाळ्यात खेपा सातआठवर येतात. मग काय करायचे? दोन वाटा उरतात. एक, सत्तर क्रेटच्या जागी शंभर भरायचे. दोन, सकाळी वाशीहून परतून त्याच रात्री पुन्हा निघायचे. जादा भाराला २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे वीस हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार आहे. झोपेला मात्र दंडही नाही आणि पावतीही नाही. मोटार कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, असे त्यात होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. जो स्वतःच मालक, स्वतःच चालक आणि स्वतःच हमाल, त्याचे तास कोण मोजणार? म्हणून मला वाटते, पिकअपची वाढलेली किंमत पैशांत फिटतच नाही. ती भारात आणि झोपेत फिटते. पावसाळ्यात धुके उतरलेला माळशेज ज्यांनी रात्री पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते समजेल.

“मग सांगितले कोणी गाडी घ्यायला?” असा प्रश्न शहाणी माणसे विचारतात. त्यांना मी विचारतो, दीड एकरात दोन भावांनी काय करायचे? भरतीची जाहिरात केव्हा निघेल, परीक्षा केव्हा होईल आणि निकाल केव्हा लागेल, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. त्या मानाने गाडीचे कर्ज आठ दिवसांत होते. कर्ज इतके सुलभ आणि काम इतके दुर्मिळ, की वाडीत एकामागून एक गाड्या येतात. गाड्या वाढल्या की भाडे पडते. रिक्षाचे भाडे परिवहन प्राधिकरण ठरवते, डिझेल-पेट्रोल वाढले की रिक्षावाल्यांची संघटना तेथे मागणी घेऊन जाते. पिकअपवाल्याचे भाडे व्यापारी ठरवतो, आणि “तुला परवडत नसेल तर मागे दहा जण उभे आहेत” हे त्याचे दरपत्रक असते.

नुसती रड गाऊन काही साधत नाही, म्हणून चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, एका गाडीवर स्वतः राबणाऱ्या शेतकरी कुटुंबाला पिकअपवरही ट्रॅक्टरइतकाच कर असावा. दुसरी, ट्रॅक्टरच्या कर्जाला जसा सुगीप्रमाणे सहामाही हप्ता मिळू शकतो, तसा भाजीपाला वाहणाऱ्या गाडीलाही मिळावा. हंगामात जास्त, उन्हाळ्यात कमी. तिसरी, खेपेचे किमान भाडे किलोमीटर व डिझेलच्या दराशी बांधून बाजार समितीच्या फलकावर रोजच्या भावाशेजारी लिहावे. चौथी सूचना आपल्याच हातातली आहे. सहकाराचे नाव या महाराष्ट्राने देशात गाजवले. दुधाच्या गोळा करणाऱ्या गाडीत वाडीतल्या सगळ्यांचे दूध एकत्र जाते. मग वाडीत दहा घरी दहा पिकअप आणि दहा हप्ते कशाला? पाच गाड्या सामाईक घेतल्या आणि दहा चालकांनी पाळीपाळीने चालवल्या, तर हप्ता निम्मा होईल आणि एका रात्रीआड झोप मिळेल. यात मान कमी होईल असे कोणाला वाटत असेल, तर त्याने मानाची किंमत एकदा वहीत लिहून पाहावी.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांना पुढच्या वर्षी घरून हेच सांगितले जाणार आहे, “बी. ए. होऊन काय करणार, त्यापेक्षा गाडी घे.” मलाही सांगून झाले आहे. गाडी घेणे कमीपणाचे मुळीच नाही. दादाच्या गाडीच्या भाड्यातूनच माझी या वर्षीची फी भरली गेली. परंतु सही करण्यापूर्वी वर मांडला तसा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावच्या आकड्यांनी मांडावा, आणि तो चांगल्या महिन्याचा न मांडता उन्हाळ्याचा मांडावा.

आणि आमच्या प्राध्यापक मंडळींना एक नम्र विनंती. अर्थशास्त्राच्या तासाला आपण मागणी व पुरवठ्याच्या रेषा काढतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या यंदाच्या शिबिरात आपण दहा गावे घ्यावीत आणि घरोघर जाऊन चार प्रश्न विचारावेत : गाडी केव्हा घेतली, हप्ता किती, महिन्याला खेपा किती, आणि आठवड्यातून झोप किती रात्री मिळते. वह्या आम्ही भरू, बेरजा आम्ही करू. ते आकडे एकदा बाजार समितीच्या आणि बँकेच्या टेबलावर ठेवले, म्हणजे या गाड्यांविषयी बोलणे तरी सुरू होईल.

– एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला