निंदणाच्या बचतीत बायांचाही वाटा

वर्धा जिल्ह्यातल्या भूमिहीन शेतमजूर बाईचे वर्ष दोन कामांवर तगून असते. पावसाळ्यात निंदण आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी कापसाची वेचणी. पोळा, महालक्ष्म्या, दसरा हे सण निंदणाच्या मजुरीवर होतात, किराण्याची उधारी त्यातूनच फिटते. यातले निंदण आता झपाट्याने हातचे जात आहे. सोयाबीनमधले तण तणनाशकाने मरते. कपाशीत तणनाशक सहन करणारे ‘एचटीबीटी’ बियाणे सरकारची मान्यता नसतानाही विदर्भभर पेरले जाते. बायांच्या टोळीला अनेक दिवस पुरणारे काम पाठीवर पंप घेतलेला एक माणूस दिवस-दोन दिवसांत उरकतो. मशागत ट्रॅक्टरने, सोयाबीनची काढणी हार्वेस्टरने होऊ लागली. मजुरीचे दिवस असे एकेक करून गळत असताना त्यांची नोंद कुठल्याच कार्यालयात होत नाही. गिरणी बंद पडली तर निदान मोर्चा निघतो. निंदण बंद झाले तर बाई फक्त घरी बसते.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. कोरडवाहू कपाशीत पावसाची झड लागली की डवरा चालत नाही, उघडीप मिळते तेव्हा सगळ्या गावाला एकाच दिवशी मजूर हवे असतात, आणि तण आठ दिवस जास्त राहिले तर पीक हातचे जाते. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. पण त्याच हंगामाच्या तोंडावर, 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्राने कापसावरचे आयातशुल्क उठवले आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत ठेवली. अशा बाजारात उभा असलेला पाच एकरांचा धनी मजुरीचा खर्च वाचवणारच. वाकून, चिखलात, दिवसभर खुरपे चालवण्याचे कष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकावेत, असेही कुणी म्हणू नये. प्रश्न वाचलेल्या पैशाचा आहे. त्यातला काही भाग शेतकऱ्याला मिळतो, मोठा भाग औषध, बियाणे आणि यंत्र विकणाऱ्यांकडे जातो, आणि जिचे काम गेले तिच्या पदरात काहीच पडत नाही.

हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ याच शहरात, मगनवाडीत उभा राहिला. जे. सी. कुमारप्पा यांनी तिथे तेलघाणी आणि हातकागदापासून चुलीपर्यंतची साधने सुधारण्याचे प्रयोग चालवले. त्याआधी 1929 मध्ये गांधींच्या अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी विचार करायला लावणाऱ्या आहेत: आठ तासांत 16,000 फूट सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये, वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांत भागावी, आणि बाईला फार न दमता तो दिवसभर चालवता यावा. ते बक्षीस कुणालाच मिळाले नाही. पण यंत्र किती काम उरकते, याच्याच बरोबरीने ते चालवणारीच्या आवाक्यात आहे का, हेही तिथे मोजले गेले. गांधी यंत्राचे वैरी होते, हा समज या एका जाहिरातीने खोटा ठरतो. ही कसोटी आजच्या कृषी धोरणाला लावली पाहिजे.

ती लावली तर धोरण नापास होते. शेतीच्या यांत्रिकीकरणासाठी सरकार अनुदान देते. तो पैसा सर्वांच्या करांतला आहे. मात्र राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायला नावावर जमीन असावी लागते. भूमिहीन बाई इथेच बाद होते. म्हणजे तिचे काम घेणाऱ्या यंत्राला तिच्याही करातून मदत मिळते आणि ते यंत्र घेण्याचा हक्क मात्र तिला नाही. कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी 2025-26 च्या हंगामात ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी सक्तीची झाली. ती जमिनीच्या नोंदीवर चालते. ठेक्याने किंवा बटईने जमीन वाहणाऱ्याचे नाव त्या नोंदीत बहुधा नसतेच. मोबाईल हाती असून भागत नाही. नव्या व्यवस्थेचे प्रत्येक दार जुन्या मालकीच्याच किल्लीने उघडते.

पुढचे पाऊल वेचणीवर पडणार, हे दिसतेच आहे. कपाशीच्या सघन लागवडीचा प्रसार सुरू आहे. आटोपशीर झाडे आणि एकाच वेळी फुटणारी बोंडे ही यंत्राने वेचणी करण्याची पूर्वतयारी आहे. आज किलोमागे मजुरी घेऊन, बोंडाच्या टोकांनी बोटे फाडून घेत वेचणाऱ्या बायांचे दुसरे कामही काही वर्षांत जाऊ शकते. निंदण गेले तेव्हा सगळे गाफील होते. वेचणीच्या वेळी ती सबब चालणार नाही.

म्हणून तीन गोष्टी आताच व्हाव्यात. पहिली, यांत्रिकीकरणाच्या अनुदानातला ठरावीक हिस्सा भूमिहीन मजूर बायांच्या बचत गटांसाठी सातबाऱ्याची अट न घालता राखून ठेवावा. पॉवर वीडर, मळणी यंत्र, पुढे येणारे वेचणी यंत्र त्यांच्या मालकीच्या अवजार बँकेत असावे आणि शेतकऱ्याने ते भाड्याने घ्यावे. हे अशक्य नाही: ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत केंद्राने बचत गटांना ड्रोनसाठी 80 टक्के, कमाल आठ लाखांपर्यंत मदत मंजूर केलीच आहे.

दुसरी, तणनाशके आणि मोठी कृषियंत्रे विकणाऱ्या कंपन्यांच्या उलाढालीवर छोटा उपकर बसवून शेतमजूर कल्याण मंडळ उभारावे, आणि त्या उपकराचा बोजा शेतकऱ्यावर ढकलला जाणार नाही अशी तजवीज करावी. महाराष्ट्राने 1969 च्या माथाडी कायद्याने मालकांकडून लेव्ही घेऊन हमालांना भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचार मिळवून दिले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅपवरून माल आणि प्रवासी पोचवणाऱ्या कंपन्यांनी कामगारांसाठी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद आहे. शहरातल्या डिलिव्हरी कामगाराला जे तत्त्व लागू, ते देवळी-समुद्रपूरच्या शेतमजूर बाईला का नको?

तिसरी, फवारणी करणाऱ्याच्या जिवाची हमी. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. काम कमी झाले आणि जे उरले ते जीवघेणे झाले, याला प्रगती म्हणता येत नाही. संरक्षक साधने पुरवण्याची जबाबदारी औषध विकणाऱ्यावर टाकावी आणि फवारणी करणाऱ्याचा विमा त्यानेच उतरवावा.

रोजगार हमीची कल्पना 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने देशाला दिली, कारण पाऊस न पडणे हा मजुराचा गुन्हा नाही, हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी मान्य केले. यंत्र येणे हाही मजूर बाईचा गुन्हा नाही. वेचणी यंत्राला अनुदानाचा पहिला रुपया देण्याआधी मजूर बायांचा वाटा शासन निर्णयात लिहिला गेला पाहिजे. ते करवून घेण्याची जबाबदारी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींची आहे आणि त्यांनी ती विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात पार पाडावी.