बालकांचे रक्षण आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांना मनाई केली. तत्पूर्वीच पंधरा वर्षांच्या दोन मुलांनी या कायद्याला तेथील सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. राजकीय विचारविनिमयाच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडेही असाच कायदा व्हावा असे अनेक पालकांना वाटते. अशा वेळी आपल्याच राज्यातील एका जुन्या वादाचे स्मरण उपयुक्त ठरेल.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये आदेश दिला, की दूरचित्रवाणीवर 'यू' वा 'यूए' प्रमाणपत्राचेच चित्रपट दाखवावेत. ऑगस्ट २००६ मध्ये पोलीस कारवाईनंतर मुंबईत चित्रपटवाहिन्या बंद पडल्या. मुलांच्या नावाने प्रौढांचा हक्क का हिरावता, असा आक्षेप तेव्हा घेण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अजय गोस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रांवर सरसकट निर्बंध घालण्यास नकार दिला. मुलांना साजेल तेवढेच प्रौढांनी वाचावे, अशी सक्ती करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

आमच्या मते हे दोन निकाल परस्परविरोधी नाहीत. पहिल्यात प्रमाणपत्राचा निश्चित निकष होता. दुसऱ्यात मागणीच मोघम होती. मात्र दोन्हींकडे प्रौढांचा हक्क तोलला गेला, बालकाचा स्वतःचा नाही. १९८९ च्या बालहक्क संहितेत माहिती मिळवण्याचा हक्क आणि अपायकारक मजकुरापासून संरक्षण, या दोहोंना स्थान आहे. व्हॅटिकनने ही संहिता १९९० मध्ये, तर भारताने १९९२ मध्ये स्वीकारली.

आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरण्यास पालकांची पडताळलेली संमती लागेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून या तरतुदीसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. धर्माबादमध्ये ज्या मोबाइलवर वडील मिरचीचा भाव पाहतात, त्यावरच मुलगी अभ्यास करते. तेथे वय कोणाचे तपासणार? लातूरला घरापासून दूर राहून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा सतरा वर्षांचा मुलगाही बालकच. आणि घरातच छळ सोसणाऱ्या मुलीने संमती कोणाकडे मागावी?

म्हणून निर्बंध नकोत असे आम्ही म्हणत नाही. निकष स्पष्ट असावा, वय तपासण्यासाठी प्रत्येक प्रौढाची ओळख गोळा होऊ नये आणि कायदा करताना मुलांचेही ऐकून घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरी मोबाइल व दूरदर्शन संच बंद राहू लागले. कोणत्याही कायद्याने हे सांगितले नव्हते. गावाने मिळून ठरवले होते. मुलांचे मोबाइल ठेवायला लावताना मोठ्यांनीही आपले बाजूला ठेवले, हे त्यातले विशेष. आपल्या घरांत एवढे तरी आजपासून करता येईल.